सगळ्यात वरचा मथळा

रुफिनाने ती बातमी खाणकामगारांसाठीच लिहिली होती. रशियातल्या कुझबासमधल्या त्यांच्या कोळसा खाणीतून मिथेन वायू इतका सुटत होता की उपग्रहालाही दिसला. हवा तापवतो ते वेगळंच. खाली पेटला तर अख्खी पाळी जळून खाक होईल. वायू ओढणारे पंप दुरुस्त करा, तोवर काम थांबवा आणि पगार चालू ठेवा, असं तिनं मांडलं होतं.

पण तिची बातम्यांची छोटी वेबसाइट वाचतं कोण? गाव फोनवर एकच पान उघडायचं. तिथं संगणकच देशभरच्या बातम्या गोळा करून मोजके मथळे वर चढवतं, आणि सरकारदरबारी नोंद नसलेल्या वेबसाइटना थाराच नाही. राजधानीतल्या एका नोंदणीवाल्या वृत्तसंस्थेनं तिचा मजकूर उचलला आणि वर आपला मथळा ठोकला: ‘हवामानासाठी खाण बंद करा, स्थानिक संपादिकेची मागणी’. दुपारी तोच सगळ्यात वर होता.

संध्याकाळी तिच्या कचेरीचं दार फोडून तिघे आत घुसले. पुढे शेजारचा खाणकामगार येर्मोलाय, हातात लोखंडी गज.

“आमच्या पोटावर पाय देतेस काय गं?”

“अरे, आधी वाच तरी...” तिचा छायाचित्रकार सावेली मध्ये पडला. गज त्याच्या डोळ्यावरच बसला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. दुसऱ्यानं कॉम्प्युटर फोडले, तिसऱ्यानं रुफिनाचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

“वाचलंस का तू?” ती येर्मोलायवर किंचाळली.

“वाचलं की! सगळ्यात वर होतं!”

“तो मथळा, मेल्या! मी लिहिलंय ते वाच!” तिनं फोन पुढे धरला.

तो ओठ हलवत वाचू लागला. वायू वाढला की घंटा वाजून वीज तुटते आणि काम थांबतं, ते होऊ नये म्हणून वायू मोजणाऱ्या यंत्रात ओल्या चिंध्या कोंबतात, या ओळीवर तो थबकला.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी का सांगेना. खोटं आहे का?”

त्यानं गज हाणला. फोनसकट तिच्या बोटांचा चुरा झाला. पुन्हा उगारला, तेव्हा सोबत्यांनीच त्याला मागे ओढलं. “पुरे, मरेल ती!”

सावेलीचा डोळा गेला. पोलिसांनी ‘दारूच्या नशेत भांडण’ म्हणून मिटवलं.

आठवड्यानं येर्मोलाय इस्पितळात त्या दोघांकडे आला. दाराशीच उभा राहून म्हणाला, “चिंध्या मीच कोंबायचो. मुकादम सांगायचा. माझं नाव घालून लिही.”

“हाकल त्याला,” सावेली भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

रुफिनालाही त्याचं तोंड बघवत नव्हतं. तरी डाव्या हातानं तिनं दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं. “पहिल्यापासून बोल.”

त्याचं सगळं रुफिनानं लिहिलं, पण फोनवरच्या त्या पानावर ते आलंच नाही. येर्मोलायच्या बायकोनं कागदावर छापून ते खाणीच्या फाटकावर चिकटवलं. सकाळची पाळी खाली उतरली नाही. खाणीचे पहारेकरी दंडुके घेऊन कामगारांवर तुटून पडले. पहिला दंडुका येर्मोलायच्या डोक्यात बसला. दात पडले, पण तो फाटक सोडेना. शेवटी मालकांनी पंप दुरुस्त करून सुरू केले तेव्हा तिथला बर्फ लाल झाला होता. फाटक अडवल्याबद्दल येर्मोलायला बेड्या पडल्या. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला रुफिना कोर्टात गेली. सावेली गेला नाही.