झरोक्याची परवानगी

बांधकाम परवानगीच्या खिडकीवरचा कारकून बोलायला कंजूष नव्हता.

"कौलं काढून तशीच कौलं घालताय? मग नुसतं कळवा. वासे बदलताय? मग परवानगी. उतार बदलताय, उंची वाढवताय, छपराला भोक पाडताय? परवानगी आणि नकाशा, दोन्ही."

"भोक आधीच पाडलेलं असेल तर?" घरचं छप्पर बदलायची परवानगी काढायला आलेल्या सुनेने विचारलं.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "कोणी पाडलं?"

"सासऱ्यांनी. चाळीस वर्षं छपरं घालायचंच काम केलं त्यांनी."

"मग बरोबर. डॉक्टरही स्वतःच्या औषधाला चिठ्ठी लिहीत नाही." त्याने घराची जुनी फाइल काढली. तिच्यातल्या नकाशात छप्पर सलग होतं. "आता आहे तसं काढून आणा. असायला हवं होतं तसं नको. पाहणीत नकाशा आणि छप्पर जुळलं पाहिजे. झरोका ठेवायचा की बुजवायचा, ते इन्स्पेक्टर बाई ठरवतील."

तो झरोका सासूबाईंचा होता. सहा वर्षांपूर्वी त्यांचं कमरेचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. खोलीच्या खिडकीतून दिसायची ती फक्त शेजारची भिंत. सासऱ्यांनी आठ दिवस ते पाहिलं, नवव्या दिवशी वर चढले, मधला एक वासा कापला आणि बरोबर पलंगावर काच बसवली. तेव्हापासून घरातल्या बातम्या वरून यायच्या. "कबुतरांची सभा आज उशिरा भरली," सासूबाई सांगायच्या.

आता वासे कुजले होते. कोपऱ्यातून ओल उतरत होती. छप्पर बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सुनेने टेप लावून मापं घेतली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा काढला आणि त्यात झरोका दाखवला. सासऱ्यांनी तो पाहिला आणि ताट सरकवलं.

"चोराने पोलिसाला घरचा पत्ता द्यावा तसं केलंस, सूनबाई."

"बाबा, लपवलं आणि सापडलं तर बुजवायलाच लावतील."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," एवढंच बोलून ते उठले.

पाहणीच्या दिवशी सून इन्स्पेक्टर बाईंना आणायला ऑफिसात गेली. अकरा वाजता दोघी घरी आल्या. बाई शिडीवरून वर गेल्या, छपराचा उतार नीट पाहिला आणि खाली आल्या.

"नकाशात झरोका आहे. छपरावर नाही. नकाशा खोटा निघाला तर मला अर्ज फेटाळावा लागेल."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलेचा अंगठा निरखत होते. हाताच्या नखांत कौलांची ताजी माती होती. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "दिवा लाव गं जरा."

भर दिवसा दिवा. सुनेला उमजलं. बाबांना परक्या बाईसमोर जाब विचारणं तिच्या जिवावर आलं.

"बाबा, मी शिडी धरते," ती म्हणाली. "तुम्ही चढा."

त्यांनी चपला काढल्या. मग चढले. काच झाकायला सकाळीच टाकलेली फळी आणि तिच्यावरची कौलं त्यांनी एकेक करून काढली. शेवटचं कौल हातात घेऊन ते वरूनच म्हणाले, "बाई, मला वाटलं, माझ्याच भोकाने वासे कुजले. आत पडलेल्या माझ्या बायकोच्या कानावर ते जायला नको होतं."

इन्स्पेक्टर बाई पुन्हा वर गेल्या. काचेच्या कडा त्यांनी बोटाने चाचपल्या, कौलं उचलून आत टॉर्च मारला.

"दोन्ही बाजूंना दुहेरी वासे कोणी घातले?"

"मीच. कापलेल्या वाशाचं वजन कुठेतरी जायला हवं ना."

"हे कोरडे ठणठणीत आहेत. पाणी वरच्या कडेच्या फुटक्या कौलांतून येतंय, तीन हात लांबून. इथून थेंबही नाही." त्यांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं: "झरोका आहे तसा ठेवावा. नवे वासे त्याच पद्धतीने दुहेरी घालावेत." मग म्हणाल्या, "लेखी परवानगी हातात पडेपर्यंत मात्र एक कौल हलवायचं नाही. आज हलवलीत ती मी पाहिली नाहीत."

खाली उतरल्यावर सासऱ्यांनी हातही धुतले नाहीत, सरळ आत गेले. सून दाराशी थांबली. पलंगावर पुन्हा उजेडाचा चौकोन पडला होता आणि सासूबाई डोळे बारीक करून वर पाहत होत्या.

"सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "झाकायच्या आधी मला विचारलं का नाहीत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"छे. झाका म्हणाले असते. सकाळी तुमचं तोंड पाहिलं होतं मी."

ते पलंगाच्या कडेवर टेकले. मातीचा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, तेव्हा सासूबाईंनीच तो ओढून घेतला.

बाहेर इन्स्पेक्टर बाईंनी कागद पुढे केला. "आधीचं काम ज्यांनी केलं त्यांची सही इथे लागेल."

सुनेने आत एकदा पाहिलं. "दोन मिनिटं बसता का? येतीलच ते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पायरीवर बसल्या.