खड्ड्यात पडलेलं मेंढरू

एलिश्वा टीचरच्या वर्गात ऑक्टोबरपासून एक आवाज जास्त यायला लागला.

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत ती मुलांना धर्मशिक्षण द्यायची. पुढच्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणारी ही मुलं, आठ-नऊ वर्षांची. पोटात भूक आणि डोळे खिडकीबाहेरच्या रबराच्या झाडांवर. उभं राहून, हात जोडून, एका सुरात दहा आज्ञा म्हणायच्या आणि मग धडा, असा शिरस्ता. त्या सुराच्या मागून एक आवाज यायचा. सगळ्यांपेक्षा अर्धा शब्द उशिरा. पाचव्या आज्ञेला, ‘जीव घेऊ नकोस’ला, तो आवाज गप्प व्हायचा आणि सहावीला, ‘व्यभिचार करू नकोस’ला, पुन्हा सुरू.

“कोण आहे रे मागं पाचवी गिळणारं?” एलिश्वानं विचारलं. मग एकेकाला उभं करून म्हणायला लावलं. सगळ्यांना येत होती.

“पाचवी तर सोपी आहे टीचर,” मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला. “सहावीचाच अर्थ कुणी सांगत नाही!”

मुलं खिदळली. एलिश्वानं पट्टी आपटली आणि पुन्हा सगळ्यांना एकत्र म्हणायला लावलं. चौथी झाली. पाचवीला तो आवाज थांबला. तिच्या मानेवर कुणी ओला हात ठेवल्यासारखं झालं.

आवाज तिच्या ओळखीचा होता. याच खोलीत, याच बाकांवर ती आणि तिची धाकटी बहीण ब्रिजीता शिकली होती. ब्रिजीता प्रार्थनेतसुद्धा रेंगाळायची, सगळ्यांचं आमेन झालं की हिचं यायचं. “स्वर्गाच्या दारातही तू उशिराच पोचणार,” असं वडील चेष्टेनं म्हणायचे.

एकोणिसाव्या वर्षी, लग्न ठरलेलं असताना, ती नदीत सापडली. वडील म्हणाले, पाय घसरला. पण घाटाच्या पायरीवर तिच्या चपला होत्या आणि चपलांवर नीट गुंडाळून ठेवलेली जपमाळ. “घसरणारं माणूस जपमाळ काढून ठेवत नाही,” चर्चचा सेवक पैली म्हणाला, आणि त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. घंटा वाजली नाही. पैलीनं तिला दफनभूमीच्या फाटकातून न नेता भिंतीच्या खिंडारातून आत नेलं. दफनभूमीच्या टोकाला काटेरी झुडपांत एक जागा होती; गाव तिला ‘वाया गेलेल्यांचा खड्डा’ म्हणायचं. तिथं क्रूस नसतो, मेणबत्ती नसते. स्वतःचा जीव घेणाऱ्यांसाठी नियमच तसा होता.

त्या दिवसापासून अम्मच्चीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, ब्रिजीताचं नाव तोंडातून काढलं नाही. वडील गेले, अम्मच्चीनं अंथरूण धरलं, एलिश्वाचं लग्न राहून गेलं. वीसेक वर्षांत ती त्या झुडपांकडे एकदाही गेली नाही. मुलांना मात्र नियम शिकवत राहिली, आणि ते तिच्याइतके चोख गावात कुणी शिकवत नव्हतं.

मृतांच्या सणाआधीच्या रविवारी धडा होता शब्बाथाचा, कुठलंही काम न करण्याच्या पवित्र दिवसाचा. प्रभूनं शब्बाथाच्या दिवशी एका माणसाचा वाळलेला हात बरा केला, म्हणून शास्त्री चिडले. तेव्हा प्रभूनं त्यांना विचारलं, तुमचं मेंढरू शब्बाथाच्या दिवशी खड्ड्यात पडलं, तर तुम्ही त्याला वर काढणार नाही का?

“सांगा बघू, काढाल की नाही?”

“काढू!” सगळे ओरडले.

कत्रीकुट्टी उभी राहिली. ताडी काढणाऱ्याची पोर, एक दात पडलेला, फ्रॉकची बटणं उलटसुलट लावलेली. “टीचर, आपल्या खड्ड्यातल्यांना कोण काढतं?”

“कुठला खड्डा?”

“तो काट्यांमधला. पैलीचेट्टन म्हणतो, तिथं वाया गेलेली माणसं आहेत. मग ती त्या मेंढरासारखीच झाली ना?”

“तिकडे जायचं नसतं. नियम आहे.”

“शब्बाथाचाही नियमच होता ना, टीचर?”

“खाली बस!”

एलिश्वाचा आवाज इतका चढला की सगळी खोली दचकली. कत्रीकुट्टी बसली, पण नजर खाली गेली नाही. त्या शांततेत, कुणाचेही ओठ हलत नसताना, एलिश्वाला मागच्या भिंतीपाशी कुणीतरी हळूच नाक ओढल्याचं ऐकू आलं. ब्रिजीताला बारा महिने सर्दी असायची.

सणाच्या दिवशी संध्याकाळी सगळा गाव दफनभूमीत होता. कबरी धुतलेल्या, झेंडूच्या पाकळ्या, मेणबत्त्या, उदाचा धूर. एलिश्वानं वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि मुलांना हाक मारण्यासाठी वळली. मुलं नव्हती. टोकाच्या झुडपांत एक ठिणगी हलली, मग दुसरी.

पैली लंगडत तिकडे पळत सुटला होता. “अरे कार्ट्यांनो! बाहेर व्हा! कुणी शिकवलं हे तुम्हाला?”

“टीचरनं!” कत्रीकुट्टीचा आवाज आला.

लोक वळून बघू लागले. एलिश्वा चालत निघाली. पायाखाली चिखल होता, नेसलेल्या मुंडूची किनार काट्यांत अडकत होती. मुलांनी गवत बाजूला केलं होतं आणि मधे कबर म्हणावी असं काहीच नव्हतं. जमीन जरा खचलेली, तेवढंच. ब्रिजीता यात नेमकी कुठं, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

“टीचर, तुम्ही तरी सांगा यांना,” पैली धापा टाकत म्हणाला. “नियम तुम्हीच शिकवता ना?”

“मीच शिकवते,” एलिश्वा म्हणाली. “मेंढराचा धडाही मीच शिकवला. तेवढी काडीपेटी द्या, पैलीचेट्टा.”

पैलीनं दिली नाही. कत्रीकुट्टीनं आपली पेटती मेणबत्ती पुढं केली.

वारा नदीकडून येत होता. मेणबत्ती लावली की विझत होती, पुन्हा लावली की पुन्हा विझत होती. एवढ्यात मागं काळी छत्री दिसली. अच्चन, म्हणजे चर्चचे म्हातारे पाद्री, तिथवर आले होते. पैलीनं तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

“मला इथं प्रार्थना चालवता येत नाही, एलिश्वा,” ते म्हणाले. “वरून परवानगी नाही.”

“ठाऊक आहे, अच्चा.”

“पण वारा फार आहे.” आणि छत्री उघडून, मुलांच्या पलीकडे, नदीच्या बाजूला पाठ करून ते उभे राहिले. मेणबत्तीची ज्योत टिकली.

मुलांनी कुणी न सांगता ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू केलं. एलिश्वानं हात जोडले. त्या पातळ, किनऱ्या सुरामागून अर्धा शब्द उशिरा तो आवाज आला, अगदी तिच्या खांद्यापाशी. नदीच्या पाण्याचा वास आला. ‘आम्हांस क्षमा कर’पाशी तो थांबेल, या भीतीनं तिनं डोळे घट्ट मिटले. तो थांबला नाही. शेवटपर्यंत आला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

घरी आली तेव्हा अम्मच्ची खाटेवर जपमाळ ओढत होती. एलिश्वानं पेज गरम केली, मीठ घातलं आणि उशाशी आणून ठेवली.

“मुंडूला काटे कसले?”

“ब्रिजीताकडे गेले होते.”

अम्मच्चीची बोटं मण्यावर थांबली. एलिश्वा खाली बसून एकेक काटा काढत राहिली. म्हातारीनं पेजेचे दोन चमचे घेतले, वाटी सारली.

“ओल असते का गं तिथं?” तिनं विचारलं. “कान दुखायचे तिचे.”

“असते, अम्मच्ची.”

“मला ने.”

“तुम्हाला उचलून न्यावं लागेल. दोन माणसं तरी हवीत.”

“मग पैलीला सांग,” अम्मच्ची भिंतीकडे वळत म्हणाली. “तिला त्यानंच नेलं होतं. आता मला ने म्हणावं. आणि म्हणावं, फाटकातून.”