मामीच्या बाजूचा रस्ता

आमच्या साहेबांनी परदेशातून मोटारी मागवल्या त्या नुसतं चित्र बघून. चित्रात गाडी आडवी उभी होती, छत ओढलेलं, आणि स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते दिसत नव्हतं. साहेबांनी विचारलंही नाही. बंदरावर खोकी फोडली तेव्हा कळलं, सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग उलट्या बाजूला. बाकीच्या गाड्या परत बोटीत चढल्या. एक मात्र साहेबांनी ठेवून घेतली आणि म्हणाले, "मला अशीच हवी होती." असं म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

ती गाडी माझा मामा चालवायचा. मी त्याच आवारात गाड्यांची कापडी छतं शिवायचे आणि मामा-मामीकडेच राहायचे.

उलट्या स्टिअरिंगमुळे मामा रस्त्याच्या कडेला बसायचा. पुढे गवताची बैलगाडी आली की तिच्या पलीकडून काय येतंय ते त्याला दिसायचं नाही. शेजारी, रस्त्याच्या मधल्या बाजूला बसून कोणीतरी सांगावं लागायचं. साहेब मागच्या सीटवर बसल्या बसल्या घोरायचे. कारकुनाला बसवून पाहिलं, तर समोरून काही आलं की तो डोळेच मिटून घ्यायचा. शेवटी मामीला बसवलं. मामी डोळे मिटणाऱ्यांतली नव्हती.

आता गंमत अशी, की घरात त्या दोघांचा अबोला होता. मामीचे वडील आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा मामा म्हणाला होता, "उद्या निघू." तिला विचारलं नाही, परस्परच ठरवलं. दुसऱ्या दिवशी निघाले, तर अर्ध्या रस्त्यात तिचा भाऊ समोरून येताना दिसला. त्याच्या चालण्यावरूनच मामी समजली, वडील गेले. तेव्हापासून तिने मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

"तुझ्या मामाला सांग, ताट वाढलंय," ती मला म्हणायची. मामा समोरच बसलेला असायचा. मी आपली इमानेइतबारे सांगायचे, "मामा, ताट वाढलंय." तो म्हणायचा, "तुझ्या मामीला सांग, आलो." मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी वाईटही वाटायचं.

गाडीत मात्र निरोप्या परवडत नाही. तिथे मामीला बोलावंच लागायचं. "थांबा." "चला." सुरुवातीला एवढंच. मग हळूहळू, "थांबा, मेंढ्या आहेत," आणि पुढे कधीतरी, "थांबा, एक कोकरू खाली बसलंय, त्याला घाई नाही."

तेव्हा रस्ता सगळ्यांचाच होता. बैल चालता चालता झोपायचे आणि गाडीवानही. सायकलवाले हात सोडून गाणी म्हणत जायचे. समुद्रावरून धुकं आलं की सगळंच तरंगायला लागायचं. झाडं, घोडे, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, आणि त्यातून आमची चुकीची गाडी. मी कधी मागे बसलेली असले तर मला वाटायचं, हा रस्ता संपूच नये. कारण घर आलं की मामी पायरीवर उतरायची आणि तिचा आवाज सीटवरच राहायचा.

मग साहेबांनी नवी गाडी मागवली. या वेळी पत्रात स्टिअरिंगची बाजू लाल शाईने लिहिली. खोकं उघडलं, तेलाचा आणि कोऱ्या चामड्याचा वास आवारभर पसरला, आणि सगळे म्हणाले, "वा!" मी मात्र मामीच्या जागेकडे बघत होते. आता मामाला स्वतःच सगळं दिसणार होतं.

त्या गाडीचं छत मी जमेल तितकं रेंगाळत शिवलं. टाका घालायचा, उसवायचा, पुन्हा घालायचा. साहेब म्हणाले, "बाई, छत शिवतेयस की आभाळ?" शेवटी शिवून झालंच.

चाचणीच्या दिवशी छत फडफडतं का ते बघायला मी मागे साहेबांशेजारी बसले. मामाने गाडी काढली ती सरळ आमच्या दारात आणून भोंगा वाजवला. मामी दारात आली.

"तुझ्या मामाला सांग," ती मला म्हणाली, "आता माझं काय काम?"

मामाने माझ्याकडे पाहिलंच नाही. "बस," तो तिला म्हणाला.

ती बसली. तिच्या बाजूने आता फक्त कडेचं गवत आणि खड्डे दिसत होते. धुकं विरळ झालं होतं. गावाबाहेर पडलो आणि पुढे गवताची बैलगाडी आली. मामाने गाडी तिच्यामागे लावली आणि बैलांच्या चालीने हाकायला लागला.

बैलगाडीच्या पलीकडचा रस्ता मोकळा होता. मला मागूनही दिसत होता.

"अरे, जा की!" साहेब म्हणाले. "आता दिसतंय ना तुला?"

"दिसतंय," मामा म्हणाला, आणि तसाच मागे राहिला. गवताच्या काड्या उडून काचेवर पडत होत्या. बऱ्याच वेळाने तो मामीला म्हणाला, "जाऊ का?"

"मला काय विचारता?" मामी म्हणाली. "माझ्या बाजूने काहीच दिसत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"तेव्हा विचारलं नव्हतं," मामा म्हणाला. "तू 'आत्ता' म्हणाली असतीस. आपण पोचलो असतो."

साहेब काहीतरी बोलायला गेले. मी त्यांच्या बाहीला धरून ओढलं. नोकरी गेली तर गेली. मामी बाहेरच्या गवताकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. बैलगाडी आपल्या तंद्रीत चालली होती आणि आम्ही तिच्या मागे मागे. मामाने भोंगा वाजवला नाही, घाई केली नाही.

मग मामीने पदराने तोंड पुसलं, आणि रस्त्याकडे नाही, मामाकडे पाहिलं.

"चला," ती म्हणाली.