पाचवी मॅच

मंगळवारी संध्याकाळी पोर्ट वॅलिसची सगळी टीम मैदानाला फेऱ्या मारायची आणि चार म्हातारे समुद्रात उभे राहायचे.

म्हातारे म्हणजे काठी टेकत चालणारे नव्हेत. तिशी ओलांडलेले, एवढंच. पण त्यांच्याकडच्या फुटबॉलचा लांबट बॉल हातानं झेलायला समोरच्याच्या पाठीवर गुडघे रोवून उड्या मारायच्या, वरून दाणकन आपटायचं, असं पंधरा वर्षं केलं की वय तिशीचं राहतं आणि गुडघे साठीचे होतात. त्यांना पळवून उरलेसुरले झिजवायचे कशाला, असं कोच बर्नी ट्रेगेन्झाचं म्हणणं. मैदान समुद्राला लागूनच होतं. मग जेट्टीच्या बाजूला मांडीभर पाण्यात वीस मिनिटं उभे राहा, सूज उतरते. तिकडे जूनमध्ये हिवाळा, ऐन थंडीतलं पाणी. दात वाजायचे. पोरं फेरी मारता मारता कुंपणावरून ओरडायची, "सील आले रे, सील आले!" सगळ्यात मोठा सील, क्लेम पेनहेल, पाण्यातून हात वर करून त्यांना आशीर्वाद द्यायचा.

क्लेम अडतीस वर्षांचा. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात कामाला. सोळा वर्षं तो पोर्ट वॅलिसच्या गोलसमोर उभा होता, शेवटची भिंत म्हणून. सोळा वर्षांत तीन फायनल खेळला, तिन्ही हरला. मागच्या वर्षी त्याची बायको ट्रूडी वैतागली आणि तिनं त्याचे बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. संपलंच होतं.

मार्चमध्ये बर्नी त्याच्या दारात गेला. बर्नी बार्लीची शेती करायचा आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायचा. पोरांना वेळेवर आणायचं आणि कुणी मधेच उतरायला नको हे बघायचं, कोचचं काम त्याच्या मते तेच होतं.

"अजून एक वर्ष," तो म्हणाला. "दर शनिवारी नाही खेळवणार. कोरडं मैदान असेल, घरची मॅच असेल, तेव्हाच. बाकी वेळ पोरं खेळतील. पण फायनलला गोलसमोर तू."

"नक्की?"

"माझा शब्द."

क्लेम आत गेला आणि माळ्यावरून बूट घेऊन आला. डब्यात टाकले त्याच दिवशी त्यानं ते उचलून लपवले होते. ट्रूडी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मला माहीत होतं ते कुठे आहेत."

उरलेल्या शनिवारी गोलसमोर उभा राहायचा जोरी नॅनकिव्हेल. सतरा वर्षांचा, लांब पायांचा, आणि डोकं म्हणजे पेटलेला स्टोव्ह. पहिल्याच मॅचला समोरच्या गड्यानं त्याच्यावरून सात गोल मारले. सातव्याला जोरीनं त्याला ढकललं, पंचाला काहीतरी बोलला, आणि बाहेर येऊन पाण्याची बादली लाथेनं उडवली. बादली लागली ती त्याच्याच आजोबांना.

पुढच्या मंगळवारी फेऱ्या सोडून तो सरळ पाण्यात उतरला आणि क्लेमच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुझे गुडघे दुखतात?" क्लेमनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"तो दर वेळी माझ्या आधी कसा पोचतो ते सांग."

क्लेम त्याच्याकडे वळला. "तू कुठे बघत असतोस?"

"बॉलकडे. अजून कुठे बघू?"

"बॉल येणारच आहे, तो कुठे पळून जातोय? त्याच्या कमरेकडे बघ. डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर फसवत नाही. ती वळली की तू निघ."

त्या दिवसापासून दर मंगळवारी पाच जण पाण्यात. पोरांनी जोरीला सीलचं पिल्लू म्हणून चिडवलं. एकाला त्यानं धरून पाण्यात बुचकळून काढलं, मग बंद झालं.

बर्नी हे सगळं बघत होता. मे गेला, जून गेला. जोरीवरून आता आठवड्याला तीन गोल व्हायचे, मग दोन. जुलैमध्ये एका शनिवारी एकही नाही. आणि ज्या शनिवारी क्लेम खेळायचा, त्या दिवशी तो डोक्यानं खेळायचा, जागा धरून उभा राहायचा, पण बॉल मैदानावर सरपटत मागे गेला की वळायला त्याला एक श्वास जास्त लागायचा. आधी कुणाला दिसलं नाही. बर्नीला दिसलं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःला तर नाहीच.

ऑगस्टमधला शेवटचा गुरुवार. शनिवारी साखळीतली शेवटची मॅच, मग फायनल. गुरुवारी सराव झाला की सगळे क्लबच्या हॉलमध्ये जेवायचे आणि जेवताना कोच टीम वाचून दाखवायचा. बर्नी भट्टीपाशी पेस्टी घ्यायला गेला. बटाटा-मटणाच्या त्या अर्धगोल पेस्ट्या व्हॅलमे बाई स्वतः भाजायच्या. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं टीमचा कागदही त्याच भरत होत्या.

"पोरा," त्या म्हणाल्या, "क्लेमच्या चारच झाल्यात."

"पाच झाल्यात."

"चार."

त्यांच्या साखळीचा नियम होता. वर्षभरात पाच मॅचमध्ये मैदानावर पाय टाकला नसेल, तर फायनलला खेळता येत नाही. शहरातून कुणी भाडोत्री गडी शेवटच्या आठवड्यात आणू नये म्हणून केलेला.

बर्नीनं बोटांवर मोजलं. "एप्रिल, मे, जूनच्या दोन, जुलै. पाच."

"जूनच्या दुसऱ्या मॅचला तू त्याला बेंचवर बसवलंस. आपण बारा गोलनी पुढे होतो. तू म्हणालास, गुडघा वाचू दे, पोराला पूर्ण मॅच खेळू दे. कोट घालून बसला होता तो शेवटपर्यंत. मीच त्याला चहा नेऊन दिला. कागदावर नाव असून चालत नाही बाळा, आत जावं लागतं."

बर्नीच्या हातातली पेस्टी गरम होती, ती त्यानं ह्या हातातून त्या हातात केली. "क्लेमला माहितीये?"

"मी तुला सांगितलं. कोच तू आहेस." त्यांनी भट्टीचं दार लावलं. "सॉस घेऊन जा."

किती सोपं होतं. काही करायचंच नव्हतं. टीम वाचायची, क्लेमचं नाव घ्यायचं नाही, रविवारी साखळीचं पत्र येईल. नियमात बसत नाही, दिलगीर आहोत. मग कुणी कुणाला काढलं असं होत नाही. बर्नीनं शब्द मोडला असंही होत नाही. खांद्यावर हात ठेवून वाईट वाटल्याचं तोंड करता आलं असतं, आणि गोलसमोर जोरी. टीमसाठी तेच बरं होतं, ही तर सगळ्यात वाईट गोष्ट.

तो उभा राहिला. वाचायला लागला. मागच्या फळीपासून सुरुवात करायची पद्धत. "गोलसमोर, जोरी." टेबलं बडवली गेली. मग मधली फळी, पुढची फळी. मग बेंचवरचे चौघं. तीन नावं घेतली. चौथं नाव कागदावर टोबी म्हणून एका नव्या पोराचं होतं. बर्नी थांबला.

"कोच, चष्मा देऊ का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"क्लेम पेनहेल," बर्नी म्हणाला.

टोबीनं मान खाली घालून पेस्टी खाल्ली. क्लेमनं भिंतीपाशी उभ्या उभ्या फक्त कप उचलून दाखवला.

शनिवारी सकाळपासून पाऊस. मॅच बाहेरच्या गावी, कॅरो प्लेन्सला, आणि तिथलं मैदान म्हणजे पेरणीआधीचं शेत. समोरची टीम सगळ्यात खालची. पण चिखलात सगळे सारखेच. चारपैकी तीन क्वार्टर झाले तरी पोर्ट वॅलिस जेमतेम दोन गोलनी पुढे. बर्नीनं तोवर क्लेमला आत पाठवलं नव्हतं. चिखल आहे, स्वतःला सांगत होता, गुडघा जाईल. मॅच अडकलीय, आता नको. जरा मोकळी झाली की पाठवू. सगळी कारणं खरी होती. तरी त्यातलं एकही खरं नाही, हे त्याला कळत होतं.

शेवटच्या क्वार्टरची आठ मिनिटं राहिली. रेषेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण आत गेलं, कोण बाहेर आलं ते लिहीत व्हॅलमे बाई बसल्या होत्या. त्या पावसाकडे बघत होत्या, बर्नीकडे नाही. तेच जास्त लागलं.

बर्नीनं बेंचकडे बघितलं. क्लेम कोट घालून बसला होता. कोटाखाली त्याचा पाय दिसत होता, घोट्यापासून मांडीपर्यंत पांढऱ्या पट्टीनं गच्च बांधलेला. एवढी पट्टी बांधायला अर्धा तास लागतो. खेळायचं नसेल त्या दिवशी क्लेम ती कधीच बांधायचा नाही.

"क्लेम," बर्नी म्हणाला. "गोलसमोर जा. जोरीला पुढे पाठव."

क्लेमनं कोट काढून नीट घडी घातली. घडी घालायची गरज नव्हती.

पहिलाच बॉल त्याच्या डोक्यावरून गेला. तो वळला, पण पाय चिखलात राहिले, आणि कॅरो प्लेन्सचा तगडा गडी बाजूनं पळून गोल मारून आला. कुंपणाला लावलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजले. "आजोबा, घरी जा, सूप गार होतंय," एका गाडीतून आवाज आला. पुढून धावत आलेला जोरी त्या गाडीकडे वळला. क्लेमनं त्याची कॉलर धरली. "कुठे चाललास? तुझी जागा तिकडे आहे." जोरी फुसफुसत गेला.

दुसऱ्या वेळी क्लेम पळालाच नाही. गड्याची कंबर वळायच्या आधीच तो बॉल पडणार तिथे जाऊन उभा राहिला आणि मुठीनं बॉल कुंपणाबाहेर घालवला. मॅच एका गोलनं जिंकली. शेडमध्ये व्हॅलमे बाईंनी क्लेमच्या नावापुढे खूण केली आणि पेनाचं टोपण लावलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता बर्नी जेट्टीवर गेला. क्लेम पाण्यात उभा होताच, गुडघा सुजून नारळाएवढा. बर्नीनं बूट काढले, पँट वर दुमडली आणि तोही उतरला. पँट दुमडण्याचा काही उपयोग झाला नाही. लाट कमरेपर्यंत आली.

"च्यायला," बर्नी म्हणाला. "तुम्हाला मी ह्यात उभं करत होतो?"

"पाच महिने."

मग बर्नीनं सरळ सांगून टाकलं. "फायनलला गोलसमोर जोरी. तू बसतोस नियमात. तरी जोरी. मार्चमध्ये शब्द दिला होता, तो मी मोडतोय."

दूर एक बोट खेकड्याचे पिंजरे उचलत होती. ते संपेपर्यंत क्लेम तिकडे बघत राहिला.

"माझ्या चारच झाल्यात, हे मला जूनपासून माहीत होतं," तो म्हणाला.

"काय? मग बोलला का नाहीस?"

"तुझं लक्ष असेल असं वाटलं. मग गुरुवारी तू कागद वाचताना थांबलास, तेव्हा कळलं की तुला आत्ता कळलंय. म्हटलं, बघू हा काय करतो. तू नियमामागे लपला असतास ना बर्नी, तर बूट इथेच फेकले असते. आणि तुझ्याशी आयुष्यात बोललो नसतो."

"आणि आता?"

"आता राग आलाय." क्लेम पाण्यात थुंकला. "पण बोलतोय."

"बेंचवर ठेवतो तुला. शेवटच्या क्वार्टरला..."

"कोट घालून बसायला? टोबीला बसव. पोराचं तोंड बघितलंस का गुरुवारी? मला गोलच्या मागे गाडी लावायला जागा दे. कुंपणाला चिकटून."

"देतो."

"दोन्ही टोकांना. दर क्वार्टरला बाजू बदलते. जोरी इकडून तिकडे जाणार आणि मी ह्या गुडघ्यानं काय रांगत जाऊ?"

"रांगायचं नाही, पण चालत तर जावंच लागेल ना?"

"चालेन. पण पोचल्यावर बसायला बॉनेट पाहिजे."

फायनलच्या शनिवारी कुंपणालगतची जागा धरायला लोक सकाळी सातलाच गाड्या घेऊन येतात. बर्नी साडेसहाला हजर होता. आपली शेतावरची पिकअप त्यानं समुद्राकडच्या गोलमागे लावली आणि दुसऱ्या टोकाला व्हॅलमे बाईंची जुनी पांढरी गाडी. तिच्या बॉनेटवर बाईंनी उशी ठेवली होती. विणलेली, क्लबच्या रंगाची. क्लेम म्हणाला, "मी काय राणी आहे का," आणि बसला.

दोन्ही टीम मैदानावर आल्या. जोरी गोलसमोर येऊन उभा राहिला. त्याच्याहून वीतभर उंच, दाढीवाला गडी येऊन त्याच्या खांद्याला खांदा घासायला लागला, कानात काहीतरी बोलायला लागला. जोरीचे कान लाल झाले. त्यानं मान वळवून मागे बघितलं.

क्लेम उशीवरून थोडा पुढे सरकला.

"मागे काय बघतोस?" तो म्हणाला. "मी काय गोल मारणारे? पुढे बघ."

"हा घाण बोलतोय."

"तोंडच फसवतंय त्याचं. तू कुठे बघायचंस?"

जोरीनं दाढीवाल्याचं तोंड सोडलं आणि नजर खाली आणली. मधोमध पंचानं बॉल वर फेकला.