ताणावरचा बगिचा

"घाम येऊन राहिला तोवर घाबरू नको. घाम थांबला, की घाबर," नलिनीमावशी म्हणाल्या होत्या. "आन् लहान लेकरू, म्हातारं माणूस, दोघायकडंही पाहाजो वो बाई."

नलिनीमावशी म्हणजे पांढुर्ण्यातल्या त्यांच्या वॉर्डाच्या आशा कार्यकर्त्या. मे लागला की ओआरएसची पाकिटं घेऊन दारोदार हिंडायच्या. अपर्णानं पाकिटं घेतली, त्यांच्या वहीत सही केली आणि हसून म्हणाली, "आमच्याकडं म्हातारं कोणीच नाही मावशी. सासू-सासरे नणंदेकडं भोपाळला. आम्ही दोघं आन् ही एक कार्टी." कार्टी म्हणजे साडेतीन वर्षांची ओवी. मावशींचा अर्धा सल्ला अपर्णानं गाठीला बांधला आणि उरलेला अर्धा दारातच राहू दिला.

गाठीला बांधलेला मात्र तिनं अगदी घट्ट बांधला. दर अर्ध्या तासानं ओवीच्या मानेमागं हात घालून घाम आहे की नाही ते ती बघायची. पोरगी वैतागून मान आखडून घ्यायची.

अशातच तिच्या नवऱ्यानं, गौरवनं, 'मोकळं रान'चं काढलं. गौरव शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीत बेस गिटार वाजवायचा. तिघा मित्रांचा बँड होता, नाव 'तिगाव पॅसेंजर'. त्यातला गाणारा अभिजीत. त्याच्या वडिलांचा मोहगावजवळ संत्र्याचा बगिचा, आणि त्याला लागून रिकामं वावर. तिथं शनिवार-रविवार दोन दिवस 'मोकळं रान' नावाचा गाण्याचा जलसा करायचं पोरांनी ठरवलं होतं. नागपूर, बैतूल, छिंदवाड्याचे बँड येणार, सगळे आपापली गाणी रचणारे. मोठं नाव एकही नाही, कंपनीची पाटी नाही.

"पंचेचाळीस चाललंय गौरव."

"संत्र्याखाली सावली असते."

"सावलीत साप असतात."

"तुला तर लग्नातही साप दिसला होता."

"होताच ना. घोड्यावर बसून आला होता."

गौरव हसत सुटला आणि त्या हसण्यातच तिचा नकार वाहून गेला. एक अट मात्र तिनं मान्य करून घेतली. रात्री ती ओवीला घेऊन सौंसरला प्रतिभाताईकडं, म्हणजे मावसबहिणीकडं झोपायला जाणार.

शनिवारी सकाळी पोचल्यावर तिनं आधी झाडं पाहिली. पानं द्रोणासारखी आत वळलेली, सावली विरलेल्या फडक्यासारखी. बुंध्याभोवतीची माती तडकलेली.

"मरून राहिलीत का ही?" तिनं अभिजीतला विचारलं.

"नाही वैनी, बगिचा ताणावर आहे. महिनाभर पाणी बंद. झाड तहानेनं पार कासावीस झालं, की मग पहिल्या पाण्यावर गच्च फुलतं. मधेच कोणी बुडाशी पाणी टाकलं, तर बाबा म्हणतात त्या झाडाचा बहार गेला. म्हणून मोटारीच्या पेटीलाच कुलूप. चावी मोतीरामकडं."

मोतीराम बगिच्याचा राखणदार. पासष्टीचा असेल. लांब बाह्यांचा विटलेला शर्ट, डोक्याला दुपट्टा, आणि आवाज असा की मंचावरचा भोंगाही दबावा. त्याची बायको इंदू लेकीकडं बोरगावला गेली होती, त्यामुळं कोपऱ्यातल्या खोपडीत तो एकटाच. दोन दिवस त्याला काम एकच होतं. शे-दीडशे पाहुण्यांच्या हातातलं पाणी झाडांपासून दूर ठेवायचं.

अपर्णाशी त्याची गाठ पहिल्या तासातच पडली. ओवीनं आपली बाटली एका झाडाखाली उपडी केली, आणि कुठून तरी तो धावत आला. "ए पोरी! बुडाशी पाणी नोको टाकू!"

ओवीनं भोकाड पसरलं. अपर्णा तडकली. "लेकराशी असं बोलतात का?"

"झाडाले काय समजते बाई, लेकरू कोण आन् पाव्हणा कोण," तो म्हणाला आणि पायानं ओली माती दूर सारू लागला.

त्यानंतर तो तिला जिकडंतिकडं दिसायला लागला. ओवी जाईल तिथं दहा पावलांवर मोतीराम. कधी झाडाआड, कधी बांधावर उकिडवा बसलेला. नजर पोरीच्या हातातल्या बाटलीवर होती हे अपर्णाला नंतर कळलं. त्या दिवशी तिला ती नजर पोरीवरच दिसली.

दुपारी ओवीचा फ्रॉक बदलताना खिशातून एक कांदा टपकन खाली पडला.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रश्न कांद्याचा नव्हताच. आपल्या नकळत पोरीच्या खिशात हात कोणाचा गेला?

"आबानं दिला," ओवी म्हणाली. "ओरडणाऱ्या आबानं."

"चांगलंच केलं की," गौरव गिटारच्या तारा पिळत म्हणाला.

"चांगलं करणारा माणूस सांगून करतो."

"अपर्णा, म्हातारा माणूस आहे तो."

"म्हातारे काय सगळे संत असतात?"

तिनं कांदा कुंपणापलीकडं भिरकावला. दुपार कलली तरी हवा तव्यावरून आल्यासारखी येत होती. मंचावर बैतूलची एक मुलगी डोळे मिटून गात होती, लोक माना हलवत होते. अपर्णाला गाण्याचा एक शब्द ऐकू आला नाही. ती मोतीरामकडं बघत होती. मंचाशेजारी पाण्याचे जार मांडले होते. तो तिथं यायचा, थांबायचा, इकडंतिकडं पाहायचा, निघून जायचा. पुन्हा यायचा. असं तीनदा झालं.

आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर केशरी कापडी पट्टी होती. जेवण, चहा, पाणी, सगळं त्या पट्टीवर. मोतीरामच्या मनगटावर काहीच नव्हतं. जारपाशी रोहित नावाचा कॉलेजचा पोरगा उभा होता. अपर्णा त्याच्याकडं गेली.

"त्या माणसाच्या हाताला पट्टी नाही. मघापासून इथं घिरट्या घालून राहिला. जरा बघा ना. लहान मुलं आहेत इथं."

"बघतो वैनी. टेन्शन नका घेऊ."

चौथ्यांदा मोतीराम आला आणि त्यानं पेला उचलला, तेव्हा रोहित त्याच्याशी काहीतरी बोलला. फार नाही, एखादंच वाक्य. मोतीरामनं पेला टेबलावर उपडा ठेवला आणि वळून झाडांत शिरला. अपर्णाला हायसं वाटलं. त्या रात्री प्रतिभाताईच्या कूलरपुढं तिला चांगली झोप लागली.

रविवारी ऊन आणखी चढलं. ती ओवीला घेऊन तीनच्या सुमाराला बगिच्यात परतली, कारण पाचला गौरवचं वाजवणं होतं. लोक ओल्या दुपट्ट्यांखाली पडून होते. सगळ्यांचे शर्ट घामानं चिकटलेले, पाठीवर मिठाच्या रेघा.

चहावाल्या अर्चनाताईंनी कप विसळले आणि पाण्याचं पातेलं सरळ जवळच्या झाडाच्या बुडाशी ओतलं. अपर्णानं सवयीनं कान टवकारले. आता ओरडणार.

कोणी ओरडलं नाही.

मोतीराम तर दहा हातांवर उभा होता. त्या पाण्याकडंच बघत होता. बघत होता आणि हसत होता.

"आज आबा मूडमध्ये आहेत," अर्चनाताई म्हणाल्या.

"लावून आले असतील थोडी," रोहित हसला. "बघा ना कसे डुलून राहिले."

अपर्णालाही तेच वाटलं. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलंसुद्धा. बघ, मी म्हणत नव्हते? असं गौरवला सांगायचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात ओवी हात सोडवून पळाली. थेट मोतीरामच्या पुढ्यातल्या झाडापाशी जाऊन तिनं बाटली उघडली आणि त्याच्याकडं वर बघत पाणी ओतायला लागली. मुद्दाम.

"टाक," मोतीराम म्हणाला. "टाक, टाक, इंदू."

अपर्णा धावली. पोरीला ओढताना त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि चटका बसल्यासारखा तिनं हात मागं घेतला. इतका गरम. आणि कोरडा, वाळल्या पाचोळ्यासारखा. तिनं त्याच्या शर्टाकडं पाहिलं. गळा, काख, पाठ, कुठंच ओल नाही. तोंडाला दारूचा वासही नाही.

घाम थांबला, की घाबर.

"गौरव!" ती किंचाळली. "पाणी आणा! आबांना ऊन लागलंय!"

तिचं ओरडणं पुरं व्हायच्या आत मोतीराम गुडघ्यांवर आला आणि तसाच आडवा झाला. रोहितनं एक जार उचलून आणला, त्यात तळाशी तांब्याभर पाणी. बाकीचे रिकामे. नवीन गाडी अर्ध्या तासानं येणार होती.

"मोटार लावा!" अपर्णा म्हणाली.

"वैनी, पाइप जागोजागी फुटलेला आहे," अभिजीत म्हणाला. "सगळं पाणी झाडांत जाईल. बाबा मला..."

"जाऊ दे झाडांत! माणूस जाऊन राहिला इथं!"

अभिजीत जागचा हलेना. तेव्हा तिनं स्वतःच न विचारता त्या परक्या माणसाच्या खिशात हात घातला. चावी निघाली. चावीबरोबर बोटांना चिकटून आल्या त्या कांद्याच्या लाल पातळ साली. कांदा नव्हता. तो कांदा तिनंच काल कुंपणापलीकडं फेकला होता.

चावी दिसताच अभिजीतनं ती हिसकावली आणि धावला. मोटार सुरू झाली, पाइपातून पाणी उसळलं, झाडांच्या बुडांशी चर्र करून मुरायला लागलं. त्यांनी मोतीरामला त्याच चिखलात निजवलं, अंगावर ओले दुपट्टे टाकले, कार्यक्रमाच्या पुठ्ठ्यांनी वारा घातला. मग जीपमध्ये घालून सौंसरच्या दवाखान्यात. 'तिगाव पॅसेंजर' त्या दिवशी वाजलीच नाही.

मोतीराम वाचला. तिसऱ्या दिवशी अपर्णा भेटायला गेली, तेव्हा तो झोपलेला होता आणि इंदू उशाशी बसून पदरानं वारा घालत होती.

"इतक्या लोकायत पाणी नव्हतं का वो बाई?" इंदूनं विचारलं. भांडण नव्हतं त्यात, नुसतं विचारणं होतं. "घरचा माठ म्हणे पोट्ट्यायनं हातपाय धुवून रिकामा केला. मोटारीची चावी खिशात, पण पाणी झाडात जाईन म्हणून लावली नाही. आन् तुमच्या जारपाशी गेले, त एक पोट्टं म्हणे पट्टी दाखव. मंग गेलेच नाही. असेच आहेत हे, एकदा कोणी टोकलं की खलास."

अपर्णाला गप्प बसता आलं असतं. रोहितला कोणी सांगितलं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"त्या पोराला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आबा माझ्या पोरीवर नजर ठेवून आहेत."

इंदूचा वारा घालणारा हात थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा हलायला लागला.

"लेकरू बरं आहे न तुमचं?" तिनं विचारलं.

"आहे."



या गोष्टीला वर्ष झालं. बगिचा पुन्हा ताणावर आहे. अभिजीत नोकरीला नागपूरला गेला, त्याचे वडील सकाळी एकदा चक्कर मारून परततात. इंदू दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कामाला. मोतीराम मोबाइल बाळगत नाही. अपर्णा दर रविवारी जाते, माठ भरलेला आहे का ते बघते, कांदे ठेवते, शिव्या खाते. पण पांढुर्णा ते मोहगाव रोज जाणं तिला जमत नाही, आणि आठवड्यात मधे सहा दिवस असतात.

म्हणून ती भेटेल त्याला हे सांगते, आणि तुम्हालाही सांगून ठेवते. सौंसरहून मोहगावकडं जाणं झालं, तर रस्त्यालगत पानं वळलेला संत्र्याचा बगिचा दिसेल. गाडी थांबवा. कुंपणाजवळच्या झाडाच्या बुडाशी ओंजळभर पाणी सांडा. एक म्हातारा ओरडत धावून आला तर निमूट ऐकून घ्या आणि पुढं जा. पण कोणी ओरडलं नाही, किंवा तो नुसता उभा राहून हसला, तर कृपा करून आत जा, त्याला गाठा आणि त्याच्या मानेमागं हात लावून बघा.