भोंग्यातली बाई

माझा आवाज जाड आहे. घरचा फोन मी उचलला की पलीकडचा माणूस मला साहेब म्हणतो. सातवीत समूहगीताच्या स्पर्धेत बाईंनी मला मागच्या ओळीत उभं केलं आणि इरा, तू नुसते ओठ हलव, असं प्रेमानं सांगितलं. तेव्हापासून वर्गात माझं नाव भोंगा. आता मी दहावीत आहे आणि तुम्हाला आधीच सांगून ठेवते, यंदा याच आवाजानं मी अख्खं बदलापूर गाजवलं. मग घोळही मीच घातला. तोही सांगणार आहे, पण क्रमानं.

माझी उमाआत्या पूर्वेला मेडिकलचं दुकान चालवते. बारा वर्षं झाली. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळनंतर डॉक्टर नसतात, त्यामुळे भाजलेलं पोर असो की विंचू चावलेला म्हातारा, सगळे आधी आत्याच्या काउंटरवर. ती त्यांना रिक्षात घालून उल्हासनगरला पाठवते. याबद्दल तिनं आमदारांना, म्हणजे अण्णांना, तीन वेळा अर्ज दिला. तिसऱ्या वेळी अण्णा हसत म्हणाले, मग तुम्हीच उभ्या राहा ना, ताई. अण्णांना वाटलं विनोद झाला. आत्या घरी आली, चहा घेतला आणि उन्मेषकाकांना, म्हणजे तिच्या भावाला, म्हणाली, फॉर्म कुठे मिळतो बघ.

अपक्ष. निशाणी कढई.

अण्णा तीन टर्मचे आमदार असले तरी मागच्या वेळी जेमतेम अडीच हजारांनी वाचले होते, म्हणून या वेळी नाक्यानाक्यावर टक्कर आहे, टक्कर आहे असंच चाललं होतं. आणि आत्याला कोण ओळखत नाही? मतदारांचं बीपी तोंडपाठ असलेली ती एकमेव उमेदवार होती. फक्त एक अडचण. आत्याला मोठ्यानं बोलताच येत नाही. मेडिकलवाल्यांची सवयच ती. गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळूच सांगतं, खाज कुठे येते ते, मग हिनंही हळूच विचारायचं, किती दिवस झाले. पहिल्या चौकसभेत तिनं दहा मिनिटं भाषण केलं आणि मागच्या लोकांना वाटलं, माईक बंद आहे.

म्हणून रिक्षावर रेकॉर्डिंग लावायचं ठरलं. पण अण्णांच्या माणसांनी अंबरनाथपासून कर्जतपर्यंतचे सगळे अनाउन्सर आधीच बुक करून टाकले होते. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये रोहरा अंकलच्या साउंडच्या दुकानात गेलो, तर तेही म्हणाले, भाभीजी, आवाज सोडून बाकी सब मिलेगा. काका डोक्याला हात लावून बसले. मी आपली समोरच्या माईकशी खेळत होते. सहज म्हणून बोलले, "ताप आला तर उमाताई आठवते, मग मत देताना का विसरता? कढईसमोरचं बटण दाबा."

रोहरा अंकलनी सोल्डरिंगचं काम खाली ठेवलं. मला परत बोलायला लावलं, मग डोळे मिटून अजून एकदा. मग आत्याला म्हणाले, बाहर कहाँ ढूंढ रहे हो, मशीन तो घर में है.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षा फिरायला लागली. काय सांगू तुम्हाला! बेलवलीत, कात्रपला, मांजर्लीला, पार बारवीकडच्या वाड्यांपर्यंत मी. दूधवाला सकाळी माझं वाक्य म्हणत दूध मोजायचा. लोकांना वाटायचं ही कुणीतरी चाळिशीची, जाडजूड, कुंकू लावणारी बाई असणार. काकू भाजी निवडता निवडता एकमेकींना म्हणायच्या, बाई कोण का असेना, बोलते मात्र खणखणीत. आणि मी शेजारी उभी, मुकाट. चार दिवस मुकाट राहिले मी, माझ्यासाठी तो रेकॉर्डच आहे.

पाचव्या दिवशी शाळेत भाविकानं मला परत भोंगा म्हटलं. भाविकाचे पप्पा अण्णांचे खास कार्यकर्ते. माझं डोकं फिरलं. मधल्या सुट्टीत घरी फोन करायचाय म्हणून ऑफिसात जमा केलेला माझा फोन मागून घेतला आणि स्टेटस टाकलं: भोंग्यातली बाई म्हणजे मी. वय फक्त पंधरा. पुढे तीन फटाके. तासाभरात शंभर जणांनी बघितलं. मी हवेत होते.

संध्याकाळी आत्याला निवडणूक कार्यालयाची नोटीस आली.

मला खरंच माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. लहान मुलांना प्रचारात वापरायचं नाही असा नियम आहे, आवाजसुद्धा नाही. नियमांचं पुस्तक काकांच्याच बॅगेत होतं, वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. तक्रारीला माझ्या स्टेटसचा फोटो जोडला होता, तीन फटाक्यांसकट. उत्तर द्यायला एक दिवस.

रात्री जेवणं राहिली बाजूला. काकांनी तोडगा काढला. माझी चुलतबहीण श्रद्धाताई बावीस वर्षांची आहे, तिचाही आवाज थोडा जाडच. आवाज श्रद्धाचा आहे असं लिहून द्यायचं, इरानं वर्गात नुसती फुशारकी मारली म्हणायचं. श्रद्धाताई तयार होती. बाबाही तयार होते. मी तर इतकी तयार होते की मी फेकते असं भाविकासमोर कबूल करायलाही माझी हरकत नव्हती. प्रचार संपायला पाच दिवस राहिले होते आणि आत्याकडे त्या रिक्षाशिवाय होतं काय?

आत्या बराच वेळ नोटीस वाचत होती. प्रिस्क्रिप्शन वाचते तशी, नाकावर चष्मा ओढून. मग तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीवर मी बारा वर्षांत कुणाला औषध दिलेलं नाही, उन्मेष. इथे कुठे देऊ?"

काका चिडले. म्हणाले, तू दुकान चालवत नाहीयेस, निवडणूक लढवतेयस. आत्यानं कागद घेतला आणि लिहिलं की आवाज माझ्या भाचीचा, वय पंधरा, नियम वाचायचा राहिला ही चूक माझी, रेकॉर्डिंग बंद केलं आहे. सही. मी तिच्या कुशीत शिरून रडले. तिनं मला थोपटलं आणि विचारलं, पोटात काही आहे का तुझ्या? जा, वरणभात खाऊन घे.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या रिक्षा दुप्पट जोरात. ज्यांना स्वतःचा आवाज नाही ते तुमचा आवाज काय होणार, असं नवं वाक्य आलं होतं. (वाक्य चांगलं होतं, हे मला मान्य करावंच लागेल.) मला प्रचाराच्या आसपासही फिरकायची बंदी. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून भूमितीचं पुस्तक उलटं धरलं होतं.

अकराच्या सुमारास कढईची रिक्षा आमच्या गल्लीत आली. मुकी. आत्या पुढे चालत होती, हात जोडत. आमच्याच गल्लीतल्या तिच्या दुकानासमोर आवडीमावशी बसते, बारवीकडच्या वाडीवरून येते, सध्या करांदे, म्हणजे रानातले कंद, विकते. ती भारी तोंडाळ आहे. तिनं तिथूनच हाळी दिली, ती मला वरपर्यंत लख्ख ऐकू आली.

"काय गो ताई, भोंगा बंद का केलास? ती बाय कुठं गेली?"

आत्या तिला काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. आवडीमावशीनं टोपली बाजूला सारली.

"पोर होती व्हय ती? माला वाटला कोण मोठी बाय. मंग आता तू बोल. का तुला तोंड नाय?"

गल्लीत हशा पिकला. मला वाटलं, संपलं. आत्या रिक्षाकडे वळली. मग रिक्षात वाकून तिनं माईक घेतला. भोंगा खरखरला आणि त्यातून आला तो तिचा काउंटरवरचा आवाज, जेमतेम.

"आधीचा आवाज माझ्या भाचीचा होता. ती लहान आहे, नियमात बसत नाही. चूक माझी. माझा आवाज हा असा आहे. ऐकू आला नाही, तर जवळ या."

पुढचं मला ऐकू आलं नाही. म्हणून मी गेले खाली. बंदी बोलायला होती, ऐकायला नाही. जिन्यात बघते तर सगळा मजलाच उतरत होता, कुणाच्या हातात लाटणं, कुणी टॉवेलवर. समोरच्या बिल्डिंगचेही आले. रिक्षाभोवती दाटीवाटीनं उभं राहून लोक मान पुढे काढून ऐकत होते, अगदी औषध विचारताना वाकतात तसे. एका आजोबांनी भाषणाच्या मध्येच स्वतःच्या गुडघ्याचं विचारून घेतलं. आत्यानं त्यांना गोळी सांगितली, जेवणानंतर घ्या म्हणाली आणि परत दवाखान्याच्या डॉक्टरांवर आली. आवडीमावशी सगळ्यांना गप करत होती, तिचाच आवाज सगळ्यात मोठा.

उरलेले दिवस असेच गेले. दर चौकात तेच, जवळ या. अण्णांचे भोंगे बाजूनं जायचे तेव्हा लोक कानामागे हात धरायचे आणि अजून पुढे सरकायचे.

आता निकाल. सरळ सांगते. आत्या पडली. चारशे सात मतांनी.

मतमोजणीच्या दिवशी अण्णांच्या गुलालाची गाडी आमच्याच रस्त्यानं गेली. काका खिडकी लावून झोपले. आत्यानं मात्र दुपारी दुकान उघडलं, डायबेटिसवाले थांबणार आहेत का, म्हणाली. मीही गेले. आवडीमावशी सांगून गेली की तिच्या वाडीतलं एकूण एक मत कढईला पडलंय, उगाच तोंड पाडू नकोस. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी विचारलंच. निकाल कळल्यापासून हाच प्रश्न घेऊन फिरत होते मी.

"आत्या, माझ्या स्टेटसनं चारशे सात मतं गेली का गं?"

ती गोळ्यांची पाकिटं लावत होती. वर न बघता काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी काउंटरवरून वाकले.

"गेली असतील काही," ती म्हणाली. "काही आलीही असतील. ती कुणाला मोजता येतात? तुला अठरा कधी पूर्ण होतात?"

"अजून अडीच वर्षांनी."

"आणि पुढची निवडणूक पाच वर्षांनी." मग तिनं ड्रॉवर उघडला आणि रोहरा अंकलकडचा, माझ्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. "जपून ठेव. एक्स्पायरी नाहीये त्याला."

तेवढ्यात एक बाई आली, कडेवर तापलेलं पोर. आत्या पुढे वाकली आणि हळूच विचारायला लागली, किती दिवस झाले. मी पेनड्राइव्ह कंपासपेटीत टाकला आणि बाहेर जाऊन दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की नाक्यावरच्या तिन्ही रिक्षा एकदमच वळल्या.