दाराला कडी नव्हती

धाकट्याने खुर्चीवरचा टॉवेल झटकला, खुर्ची बाकाच्या दिशेने फिरवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"या."

बाकावर मेडिकलवाले एकटेच होते. गेली कित्येक वर्षं त्यांची दाढी धाकट्याच्याच हातची. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि पेपरचं पान उलटलं.

"असू दे. घाई नाही मला. दादांचं होऊ दे."

शेजारच्या खुर्चीशी दादा एका कंत्राटदाराच्या गालांना साबण लावत होता. त्याने आरशातून धाकट्याकडे पाहिलं.

"मी काय सांगत होतो? लोकांना आपापला गळा प्यारा असतो बाबा."

धाकटा दुकानात परत येऊन महिना होत आला होता. हाताला काम हवं, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाने काम दिलं. टॉवेल धुवायचे, पाणी तापवायचं, लहान पोरांच्या डोक्यावरून मशीन फिरवायचं. वस्तरा मात्र तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. "तुझ्याच भल्यासाठी," म्हणायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारायचा.

"गोळ्या चुकवत नाहीस ना रे?" मेडिकलवाल्यांनी पेपरमागूनच विचारलं. "या खेपेला न्यायला उशीर केलास."

"घेतो."

"कसल्या गोळ्या?" कंत्राटदार म्हणाला. या दुकानात तो पहिल्यांदाच आला होता.

दादाला तेवढंच हवं होतं. ब्रश बाजूला ठेवून त्याने गोष्ट सुरू केली. आई गेली आणि धाकट्याने खालच्या खोलीत अंथरूण धरलं. अंगाला पाणी नाही, पोटात अन्न नाही.

"आम्हाला वाटलं, नाटकं. आळशाला निमित्तच हवं असतं. मग एक दिवस हाका मारून मारून माझा घसा कोरडा पडला, पण आत हूं नाही की चूं नाही. दार आतून बंद! घातली लाथ, कडी गेली उडून. हा पडलेला, नुसते डोळे उघडे. तसाच खांद्यावर टाकला आणि पळत सुटलो."

दर खेपेला त्या गोष्टीतलं दार थोडं थोडं जाड होत चाललं होतं.

"भाऊ असावा तर असा," कंत्राटदार म्हणाला.

"दाराला कडी नव्हती," धाकटा म्हणाला.

"काय?"

"त्या खोलीला कडी कधी नव्हतीच. दार नुसतं लोटलेलं होतं. दुकानात येताना रोज तू तिथूनच जायचास, दादा. वास जिन्यात यायला लागला तेव्हा आत आलास. नाकाला रुमाल लावून."

मेडिकलवाल्यांच्या हातातलं पान अर्ध्यावरच थांबलं. दादा हसला. सोबतीला कोणीच हसलं नाही, तेव्हा त्याचं तोंड उगाचच उघडं राहिलं.

"ऐका," तो म्हणाला. "हे फळ मिळालं मला. आजारी होतास तेव्हाच बरा होतास रे तू."

त्याने खिशातून वस्तरा काढला, उघडला आणि कंत्राटदाराच्या हनुवटीखाली नेला. कंत्राटदाराने त्याचं मनगट धरलं.

"अहो, तुमचा हात कापतोय."

धाकटा पुढे झाला. त्याने दादाच्या बोटांतून वस्तरा काढून घेतला. बोटं सहज सुटली. त्याने कंत्राटदाराचं डोकं हलकेच मागे टेकवलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत पातं एका दमात खाली आणलं. साबणाखालून स्वच्छ गाल निघाला. दादा मागे सरकत सरकत बाकापर्यंत गेला. त्याला जागा करून द्यावी तसे मेडिकलवाले उठले आणि न बोलावता धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. दादा बाकावरच होता. धाकटा जमिनीवरचे केस झाडत होता.

"तेव्हा..." दादाने मान वर न करता विचारलं. "मी दारावरून जायचो तेव्हा, तू मला हाक मारायचास का रे?"

झाडू थांबला. त्या दिवसांत जीभ टाळूला चिकटलेली असायची. जिन्यावर दादाची पावलं वाजली की तो श्वास धरून पडायचा, दादा आत येऊ नये म्हणून. कोणाला हाक मारावी असं त्याच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

दादाने आता वर पाहिलं. तो वाट बघत होता.

"रोज," धाकटा म्हणाला. "पाय उचल."